हत्तींची नावे उरली, माहुतांची हरवली

मुस्लिम घरातल्या मुलांची हत्तीशी पहिली ओळख बहुधा कुरआनातून होते. नमाजेसाठी ज्या लहान सूरह आधी पाठ करून घेतल्या जातात, त्यांत ‘सूरह अल-फील’ असतेच. क्रमाने ती १०५वी, आयती फक्त पाच. हत्ती घेऊन आलेल्या एका फौजेचा डाव कसा फसला आणि पक्ष्यांच्या थव्यांनी टाकलेल्या खड्यांनी तिचा कसा चुराडा झाला, एवढेच त्यात सांगितले आहे. सेनापतीचे नाव नाही, हत्तीचेही नाही.

बाकीची हकिकत सीरतच्या ग्रंथांत येते. येमेनवर राज्य करणारा अबरहा हा हबशी सरदार काबा पाडायला निघाला. परंपरेनुसार हे साल इ.स. ५७०च्या सुमाराचे. अरबांनी त्याला ‘आम-उल-फील’, म्हणजे हत्तीचे वर्ष, असे नाव दिले. प्रेषित मुहंमद (स.) यांचा जन्मही त्याच वर्षीचा मानला जातो. इब्न इस्हाक यांच्या सीरतमध्ये अबरहाच्या हत्तीचे नाव ‘महमूद’ असे आले आहे. मक्केकडे तोंड केले की तो बसकण मारायचा आणि दुसरीकडे वळवला की चालू लागायचा.

इथपर्यंतची गोष्ट आपण वाजांमधून (प्रवचनांतून) ऐकलेली असते. त्याच सीरतमध्ये आणखी दोन उल्लेख आहेत, ज्यांच्यापाशी सहसा कुणी थांबत नाही. अबरहाच्या सैन्याने प्रेषितांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांचे दोनशे उंट पळवले होते. ते परत मागायला त्यांना अबरहाची भेट हवी होती. ती भेट घडवून आणली उनैस नावाच्या माणसाने. हा उनैस कोण, तर हत्तीचा रखवालदार. दुसरा उल्लेख हजरत आयशा (रजि.) यांच्या हवाल्याने येतो. त्या हत्तीला घेऊन आलेला माणूस आणि त्याची निगा राखणारा, असे दोघे पुढे मक्केतच राहिले. आंधळे आणि पांगळे झालेले ते दोघे लोकांकडे खायला मागत फिरायचे आणि आयशांनी त्यांना पाहिले होते.

राजा हरला, फौज संपली, हत्तीची गोष्ट अजरामर झाली. ज्यांनी त्या हत्तीला शेकडो कोस चालवत आणले, ते त्याच शहरात भीक मागत राहिले. माझ्या वाचनात हत्तीच्या इतिहासाचे इतके नेमके चित्र दुसरे नाही. पुढच्या चौदाशे वर्षांत जग बदलले, राजे आणि धर्म बदलले, पण हत्ती आणि माहूत यांच्या वाट्याचा हिशेब फारसा बदलला नाही. हत्तींची नावे बखरीत, तवारिखेत आणि चित्रांवर राहिली. माहुतांची बहुतेक हरवली.

न माणसाळलेले जनावर

माहुताचे महत्त्व कळायचे, तर आधी हत्ती समजून घ्यावा लागतो. गाय, घोडा, उंट ही जनावरे माणसाने हजारो वर्षे आपल्या गोठ्यात वाढवली आणि हवी तशी घडवली. हत्तीचे तसे झाले नाही. हत्तिणीचा गर्भकाळ जवळजवळ २२ महिन्यांचा. पिल्लू कामाला येईपर्यंत पंधरा-वीस वर्षे जातात. मोठा हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो. इतकी वर्षे फुकट पोसण्यापेक्षा जंगलातून वाढलेला हत्ती पकडून आणणे राजांना परवडायचे. त्यामुळे राजवाड्यातला प्रत्येक हत्ती मनाने रानटीच असायचा. प्रत्येकाला नव्याने शिकवावे लागायचे. हे शिकवण्याचे शास्त्र पोथ्यांत थोडे आणि माणसांच्या हातात जास्त होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीसाठी राखीव जंगलांची स्वतंत्र व्यवस्था आहे. त्या जंगलात हत्ती मारणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. वीस वर्षांचा हत्ती पकडावा. पिल्लू, आजारी हत्ती, गाभण किंवा दूध पाजणारी हत्तीण यांना हात लावू नये, असाही नियम आहे. कुठल्या प्रदेशाचे हत्ती चांगले, याची यादीसुद्धा त्यात दिली आहे. कलिंग आणि अंग देशांचे हत्ती उत्तम, तर दशार्ण आणि अपरांतातले मध्यम. अपरांत म्हणजे आपले कोकण. आज सिंधुदुर्गात हत्ती आला की ‘हे कुठून आले?’ असे आपण विचारतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मात्र कोकण हत्तींचे घर म्हणून नोंदलेले आहे.

इतिहासकार थॉमस ट्रॉटमन यांनी ‘एलिफंट्स अँड किंग्ज’ (२०१५) या पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली आहे. भारतातल्या राजांना युद्धासाठी हत्ती हवे होते, म्हणून त्यांना हत्तीची जंगले सांभाळावी लागली. चीनमध्ये युद्धात हत्ती वापरण्याची परंपरा रुजली नाही, आणि तिथले हत्ती शेतीपुढे मागे हटत हटत दक्षिणेच्या एका कोपऱ्यापुरते उरले. म्हणजे आपल्याकडे हत्ती टिकला, त्यात राजांच्या स्वार्थाचाही वाटा आहे.

शब्दांचा प्रवास

इ.स.पू. ३०५च्या आसपास सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह केला. त्यात प्रदेश सोडून त्याने पाचशे हत्ती घेतले, असे ग्रीक लेखक सांगतात. हत्तींबरोबर माहूतही पश्चिमेला गेले असणार, कारण माहुतावाचून हत्तीचा उपयोग शून्य. पुढे ग्रीक भाषेत हत्ती चालवणाऱ्याला ‘इंडोस’, म्हणजे भारतीय, असेच म्हणू लागले. कार्थेजच्या सैन्यातल्या माहुतांसाठीही पॉलिबियस हाच शब्द वापरतो. माणसाचे नाव गेले आणि त्याच्या देशाचे नाव धंद्याचे नाव होऊन बसले.

आपल्या भाषेतले शब्दही असेच फिरून आलेले आहेत. ‘माहूत’ हा संस्कृत ‘महामात्र’ या शब्दावरून आला. महामात्र म्हणजे मोठा अधिकारी. ‘अंकुश’ संस्कृत आणि तो फारसी ग्रंथांत तसाच गेला. ‘हौदा’ मात्र अरबी ‘हौदज’वरून आला. अरबस्तानात हौदज उंटाच्या पाठीवर असायचा, हिंदुस्थानात तो हत्तीच्या पाठीवर चढला. ‘अंबारी’ हा अरबी-फारसी ‘अमारी’चा मराठी अवतार. फारसीत हत्तीला ‘पील’ म्हणतात, त्यावरून मराठी दप्तरांतला ‘पीलखाना’ आला. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे पीलचा ‘फील’ झाला. बुद्धिबळात ज्याला आपण उंट म्हणतो, तो अरब-इराणी खेळात फील होता. स्पॅनिश भाषेत त्या सोंगटीला आजही ‘अल्फिल’ म्हणतात.

सर्वांत मजेशीर प्रवास ‘मस्त’ या फारसी शब्दाचा. नर हत्तीच्या कानशिलाजवळून मद वाहू लागतो आणि तो कुणाला जुमानत नाही, त्या अवस्थेला पीलखान्यात ‘मस्ती’ म्हणत. इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानी माहुतांकडून उचलला. आज जगभरातले प्राणिशास्त्रज्ञ आपल्या शोधनिबंधांत हाच शब्द ‘मस्थ’ म्हणून वापरतात.

दसऱ्याला हत्तीवर अंबारी चढते, तेव्हा एक अरबी वस्तू संस्कृत अंकुशाच्या इशाऱ्यावर चालत असते. ही सरमिसळ कुठल्या बादशहाच्या फर्मानाने झालेली नाही. पीलखान्यात एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या तोंडात ती रोजच्या रोज घडली.

‘अबुल अब्बास’ची सफर

बगदादचे खलिफा हारून अल-रशीद यांनी युरोपातला फ्रँक सम्राट शार्लमेन याला एक हत्ती भेट पाठवला होता. त्याचे नाव ‘अबुल अब्बास’. तो इ.स. ८०२मध्ये आखेन इथे पोहोचला आणि ८१०मध्ये मेला. लॅटिन बखरीत हे सगळे नोंदलेले आहे. त्याला घेऊन येणारा दूत आयझॅक नावाचा ज्यू होता. मुस्लिम खलिफाची भेट, ज्यू दूत आणि ख्रिस्ती सम्राट, असा हा प्रवास.

आयझॅक दूत होता, म्हणून त्याचे नाव राहिले. समुद्र ओलांडून आणि आल्प्सचे डोंगर पार करून त्या हत्तीला रोज खाऊपिऊ घालणारे, थंडीत जपणारे कोण होते? बखरीत त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

अकबराचा पीलखाना

याला सर्वांत मोठा अपवाद म्हणजे अबुल फजल यांची ‘आईन-ए-अकबरी’. तिच्यात हत्तींवर सविस्तर प्रकरणे आहेत. पीलखान्यातल्या हत्तींचे सात वर्ग होते: मस्त, शेरगीर, सादा, मंझोला, करहा, फंदुरकिया आणि मोकल. बादशहाच्या स्वतःच्या स्वारीसाठी १०१ खास हत्ती राखीव असत. जातीही दिल्या आहेत: भद्दर, मंद, मिर्ग आणि मीर. ओळखीचे वाटतात ना? हे संस्कृत गजशास्त्रातले भद्र, मंद, मृग आणि मिश्र. पालकाप्य मुनींच्या नावाने चालत आलेली विद्या फारसी ग्रंथात अशी सहज उतरली आहे. पूर्वी पाळलेल्या हत्तिणीला पिल्लू होणे अशुभ मानत, अकबराने ती समजूत मोडली, असेही अबुल फजल नोंदवतात.

मला त्यातला नोकरांचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मस्त वर्गातल्या एका हत्तीमागे साडेपाच माणसे नेमलेली होती. मानेवर बसणारा महावत. पुठ्ठ्यावर बसून लढाईत मदत करणारा आणि गरज पडली तर महावताची जागा घेणारा भोई. शिवाय चारा आणणारे, झूल चढवणारे साडेतीन मेठ. भोई म्हटले की आपल्याला पालखी आठवते, पण हा भोई हत्तीवरचा. महावताचा पगार दरमहा २०० दाम, भोयाचा ११०. मेठांना मुक्कामात दिवसाला साडेतीन आणि कूच असताना चार दाम मिळत. चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे महावताला महिन्याला पाच रुपये. त्याच ग्रंथात पहिल्या दर्जाच्या सुताराची मजुरी रोजची सात दाम आहे. याचा अर्थ महावताची गणना उत्तम कारागिरांत होत होती.

पण शिक्षेचे कलमही तिथेच आहे. हत्ती चढेल व्हावा म्हणून महावताने चाऱ्यात औषध मिसळले आणि हत्ती दगावला, तर महावताला मृत्युदंड होऊ शकायचा, हात तोडला जायचा किंवा त्याला गुलाम म्हणून विकले जायचे. पाच रुपये पगार आणि डोक्यावर ही टांगती तलवार.

पगार, काम, शिक्षा, सगळे तपशीलवार आहे. फक्त नावे नाहीत.

हवाई आणि रामप्रसाद

१५६१मध्ये आग्र्याला अकबराने ‘हवाई’ नावाच्या बेफाम हत्तीवर स्वतः स्वार होऊन त्याची ‘रणबाघ’ या हत्तीशी झुंज लावली. रणबाघ पळाला, हवाई मागे लागला आणि दोघेही यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावर धडकले. पूल खचला, माणसे पाण्यात उड्या मारू लागली. अकबर तेव्हा १८-१९ वर्षांचा होता. ‘अकबरनामा’साठी हा प्रसंग बसावन आणि चतर या चित्रकारांनी रंगवला. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रात हत्तींचा उन्माद जितका जिवंत आहे, तितकीच पाण्यात धडपडणारी माणसेही जिवंत आहेत. बादशहाच्या धाडसाची किंमत कोण चुकवत होते, ते बसावनच्या नजरेतून सुटलेले नाही.

दुसरी कहाणी हळदीघाटीची. जून १५७६च्या त्या लढाईत मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी स्वतः हजर होते. महाराणा प्रतापांचा ‘रामप्रसाद’ हा हत्ती त्यांनी पाहिला. ते लिहितात की शाही हत्तीशी त्याची झुंज चालू असताना रामप्रसादचा माहूत बाण लागून खाली पडला. तेवढ्यात शाही हत्तीच्या माहुताने विजेच्या वेगाने आपल्या हत्तीवरून उडी मारली आणि तो रामप्रसादच्या मानेवर जाऊन बसला. असे धाडस दुसरा कुणी करू शकला नसता, अशी बदायुनींची दाद आहे. लढाईनंतर हा हत्ती फतेहपूर सिक्रीला पोहोचवायचे काम बदायुनींकडेच आले. अकबराने त्याचे नाव विचारले आणि हा विजय पीरांच्या कृपेने मिळाला, म्हणून त्याला ‘पीरप्रसाद’ म्हटले.

आज मोबाईलवर रामप्रसादची निराळीच गोष्ट फिरते. मुघलांच्या कैदेत त्याने अन्नपाणी सोडले आणि स्वामिनिष्ठेपायी प्राण दिले, अशी ती गोष्ट आहे. गोष्टीच्या शेवटी ‘बघा, जनावरालासुद्धा कळते’ असा टोमणा असतो. तो कुणाला उद्देशून आहे, हे सांगायला नको. जो माणूस त्या हत्तीला स्वतः घेऊन गेला, त्याच्या लिखाणात यातले काही नाही. आणि बदायुनी हे अकबराची भलामण करणारे नव्हते. ते अकबराचे कडवे टीकाकार होते.

नाव बदलण्याचा मोह बादशहालाही आवरला नाही, हे खरेच. पण हत्तीच्या दृष्टीने त्या दिवशी एकच गोष्ट बदलली होती. त्याच्या मानेवरचा ओळखीचा माणूस मेला होता. त्या माणसाचे नाव ना राणाच्या बाजूने कुणी जपले, ना मुघलांच्या बाजूने. दुसऱ्या माहुताचे कौतुक झाले, पण त्याचेही नाव नाही. आज रामप्रसादवरून भांडणाऱ्यांना या दोघांशी काही देणेघेणे नाही.

कोमट पाणी

जहांगीर बादशहाच्या आठवणींत हत्तींविषयी बारीक निरीक्षणे आहेत. हत्तींना पाणी प्रिय असते, पण हिवाळ्यात ते थंड पाणी अंगावर घेऊन कुडकुडतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने हत्तींसाठी पाणी कोमट करण्याचा हुकूम दिला आणि त्याला या गोष्टीचे मोठे समाधान वाटले. हत्तिणीचा गर्भकाळ किती, याचीही त्याने चौकशी करवली. मादी पिल्लासाठी १८ आणि नर पिल्लासाठी १९ महिने, अशी नोंद त्याने केली. आजच्या मोजमापापेक्षा ती थोडी कमी भरते, पण पीलखान्यात बसून एक बादशहा हे विचारत होता, हेच विशेष. त्याला उत्तर देणारे अर्थात माहूतच असणार.

शाहजहानच्या काळात, २८ मे १६३३ रोजी, आग्र्याला ‘सुधाकर’ आणि ‘सुरतसुंदर’ यांची झुंज लागली होती. सुधाकर बिथरून चौदा वर्षांच्या औरंगजेबावर धावला. औरंगजेब पळाला नाही, त्याने भाला फेकला. घोडा कोसळला तरी तो उभा राहिला. हा प्रसंग औरंगजेबाच्या प्रत्येक चरित्रात येतो. मुघल शहजाद्याच्या अंगावर धावलेल्या हत्तीचे नाव ‘सुधाकर’ होते, हे मात्र वाचताना कुणाला खटकत नाही, कारण त्या काळात ते कुणालाच खटकत नव्हते.

दख्खनचे हत्ती

दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा लाडका हत्ती ‘आतशखान’. त्याची चित्रे काढली गेली, आणि इब्राहीमने आपल्या ‘किताब-ए-नौरस’ या काव्यग्रंथातही त्याला जागा दिली. ‘चंचल’ हा त्याचा दुसरा नावाजलेला हत्ती. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, तेव्हा चंचलसाठी मोठी घासाघीस झाली.

रायगडावर आजही ‘हत्ती तलाव’ दाखवतात. १६७४मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती पाहिले. इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, याचा त्याला अचंबा वाटला. त्याचे उत्तर ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याशी बोलण्याची त्याला गरज वाटली नसावी.

मराठीत ‘दारी हत्ती झुलणे’ हे वैभवाचे लक्षण, तर ‘हत्तीच्या पायी देणे’ ही शिक्षा. दुसरी केवळ म्हण नव्हती. १८०१मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायाला बांधून मारले. हत्ती स्वतःहून कुणाला असे मारत नाही, त्याला ते शिकवावे लागते. हुकूम पेशव्याचा होता, पण हत्तीला पाऊल उचलायला सांगणे माहुताच्या वाट्याला आले. राजाचे वैभव आणि राजाचा सूड, दोन्ही एकाच पगारी माणसाच्या पायाच्या अंगठ्याने हलत होते. हत्तीच्या कानामागे पायाने दिलेला इशारा, हीच त्याची भाषा.

साबू नावाचा मुलगा

तोफा आल्या, हत्ती रणांगणातून बाजूला झाला. इंग्रजांच्या काळात तो सागवानाचे ओंडके ओढू लागला. म्हैसूर संस्थानात काकनकोटच्या जंगलात १८७३पासून ‘खेड्डा’ सुरू झाला. रानहत्तींचे कळप हाकारून नदीकाठच्या कुंपणात कोंडायचे आणि एकेक बांधून काढायचा. शेवटचा खेड्डा १९७१मध्ये झाला.

याच भागातल्या करापूर गावात १९२४मध्ये एका मुस्लिम माहुताच्या घरी साबूचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले, मुलगा महाराजांच्या पीलखान्यात वाढला. रॉबर्ट फ्लाहर्टी हा चित्रपटकार किपलिंगच्या एका कथेवर चित्रपट करायला म्हैसूरला आला, तेव्हा हा मुलगा त्याच्या नजरेत भरला. १९३७मध्ये ‘एलिफंट बॉय’ आला आणि माहुताचा पोर जगभर गाजला. पुढे ‘थीफ ऑफ बगदाद’, ‘जंगल बुक’ आले. तो अमेरिकेचा नागरिक झाला. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानात मागच्या बाजूचा तोफची म्हणून लढला आणि त्याला शौर्यपदक मिळाले. पण पडद्यावर त्याला जंगल आणि अलीबाबाछाप भूमिकांपलीकडे फारसे काही मिळाले नाही. १९६३मध्ये अवघ्या ३९व्या वर्षी तो वारला. माहुताच्या जातकुळीतून निघून जगाच्या नकाशावर नाव उमटवलेला हा माणूस मराठी मुस्लिम घरांत कुणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

१९७१मध्ये, काकनकोटचा शेवटचा खेड्डा झाला त्याच वर्षी, ‘हाथी मेरे साथी’ पडद्यावर आला. पटकथा सलीम-जावेद यांची. त्यात हत्ती राजेश खन्नाचा मित्र आहे. हत्तीला माणूस करण्याच्या भरात माहूत मात्र कथेत कुठेच उरत नाही. माहुताला केंद्रस्थानी आणायला २०२२ उजाडावे लागले. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटात मुदुमलाईच्या बोम्मन आणि बेल्ली यांचे काम दिसते. त्याला ऑस्कर मिळाला. त्यात हत्तीच्या पिल्लांना नावे आहेत आणि सांभाळणाऱ्यांनाही.

आज

माझ्या लहानपणी आमच्या आठवडी बाजारात वर्षा-दोन वर्षांनी एक हत्तीण यायची. मारुतीच्या देवळामागे वडाची सावली आणि हौद होता, तिथे ती बांधलेली असायची. बायाबापड्या तिला नारळ द्यायच्या, सोंडेवर हळदकुंकू लावायच्या. माहूत जोहरच्या नमाजेला मशिदीत यायचा. आमची दादी त्याच्यासाठी भाकरी बांधून द्यायची. ‘बेटा, तेरी लक्ष्मी ने खाया क्या?’ असे ती आधी विचारायची. गावाला हत्तीण लक्ष्मी म्हणून ठाऊक होती आणि तो ‘हत्तीवाला’.

हे चित्र देशभर होते आणि काही ठिकाणी अजून आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात साडेसातशे किलोच्या सोन्याच्या अंबारीतून चामुंडेश्वरीची मिरवणूक निघते. तिथल्या हत्तींचे माहूत जेनू कुरुब आदिवासी आणि मुस्लिम घराण्यांतले असतात. जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावर पर्यटकांना हत्तीवरून नेणारे बहुतेक माहूत मुस्लिम आहेत. हैदराबादेत दहा मोहर्रमला ‘बीबी का आलम’ हत्तीवरूनच निघतो. मिरवणूक कुणाची आहे, हे हत्ती विचारत नाही. मानेवरच्या माणसालाही ते विचारून चालत नाही.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. डांबरी रस्ता, साखळदंड, डीजेचा आवाज, एकटेपण यांतून हत्तीला त्रास होतो. हत्ती कळपात राहणारा प्राणी आहे. माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात ते एकमेकांशी दुरून बोलतात, हे १९८०च्या दशकात केटी पेन यांनी दाखवून दिले. असा प्राणी एकटा बांधून ठेवणे म्हणजे त्याचा संवादच तोडणे. २०२५च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची ‘महादेवी’ हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला नेण्यात आली, तेव्हा पंचक्रोशी रडली, मोर्चे निघाले. हत्तिणीच्या प्रकृतीची काळजी करणारे आणि तिच्या विरहाने कळवळणारे, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. चर्चा कायद्याची झाली, श्रद्धेची झाली, उद्योगपतींची झाली. हत्तीबरोबर माहुताचा हातचा रोजगार आणि पिढ्यांची विद्या जाते, त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र कडेला राहिला.

ही विद्या निरुपयोगी झालेली नाही. २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि दोडामार्ग-तिलारीच्या बागायतीत त्यांचा वावर सुरू झाला. २०२१मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत आला. भाताची, नारळाची, केळीची नासाडी झाली, माणसेही दगावली. हत्ती केव्हा चिडतो, कान कसे फडकवतो, कुठल्या हालचालीनंतर मागे सरकायचे, हे ज्यांना उपजत कळते, त्यांची गरज आज गावागावांत आहे. अशा घराण्यांना मिरवणुकीच्या सुपारीवर जगायला लावण्यापेक्षा हत्ती-माणूस संघर्षाच्या भागात कायम नोकरीवर, निवृत्तिवेतनासह घेता येईल. अकबराच्या दप्तराला साडेपाच माणसांचा हिशेब ठेवता आला, तर आपल्या वनखात्यालाही ते अशक्य नाही.

२०२५मध्ये जाहीर झालेल्या, डीएनएवर आधारलेल्या गणनेनुसार भारतात सुमारे २२,४४६ रानहत्ती आहेत. २०१७च्या गणनेत हा आकडा २९,९६४ होता. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, पण जंगले तुटत चालली आहेत, हे सांगायला आकड्याची गरज नाही. हत्ती गेला की उरलेली शेपूट धरून त्याच्या स्वामिनिष्ठेच्या गोष्टी आपण सांगत बसू.

इतिहास लिहिणाऱ्यांकडून मला एक छोटी अपेक्षा आहे. हवाई, सुधाकर, आतशखान, रामप्रसाद ही नावे घेताना मानेवर बसलेल्या माणसासाठी निदान एक वाक्य खर्च करावे. नाव मिळत नसेल, तर नाव नोंदलेले नाही, हे तरी लिहावे. हे अशक्य नाही, कारण ते एकदा घडलेले आहे. शत्रूच्या फौजेतून आलेल्या, काब्यावर चालून आलेल्या हत्तीच्या रखवालदाराचे नाव सीरत लिहिणाऱ्यांनी टाकून दिले नाही. मक्केच्या गल्ल्यांत भीक मागणाऱ्या त्या दोघा आंधळ्यांना हजरत आयशांनी पाहिले आणि ते लक्षात ठेवून पुढच्यांना सांगितले.